वातावरणाचा हॉरर: पहिला छोटा गेम खान्देशातल्या घरी बसून कसा करायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या मुलामुलींकडे साधा लॅपटॉप आहे, हॉरर गेमचं वेड आहे आणि स्वतःचा एक गेम करायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख. यूट्यूबवर ट्युटोरियलना तोटा नाही. पण बहुतेक ठिकाणी पहिला धडा एकच असतो: दार उघडलं की तोंडासमोर चेहरा आणा आणि जोरात किंकाळी वाजवा. खेळणारा दचकतो, हसतो आणि गेम बंद करून विसरून जातो. इथे दुसऱ्या प्रकाराचा गेम सांगायचाय. त्यात दहा मिनिटं काहीच घडत नाही आणि तरी माणसाला पाऊल पुढे टाकवत नाही.

अशा गेमला महागडं मशीन लागत नाही, मोठी टीम लागत नाही. एका जागेची पक्की ओळख लागते. तिथे रात्री काय वाजतं, कुठला आवाज रोजचा, कुठला नवा, हे ठाऊक असावं लागतं. केळीच्या बागेशेजारी, कापसाच्या जिनिंगच्या आवारात किंवा मातीच्या सपाट छताच्या धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाकडे ही ओळख आधीच असते. ती गेममध्ये कशी उतरवायची, ते आता क्रमाने पाहू.

आधी काय काय जमवायचं

- लॅपटॉप: ८ जीबी रॅम असलेला, ओपनजीएल ३.३ चालणारा. वेगळं ग्राफिक कार्ड नसलं तरी चालेल.
- गोडो इंजिन (गेम बांधायचं सॉफ्टवेअर), आवृत्ती ४ किंवा पुढची. पूर्ण फुकट, एमआयटी परवान्याचं. इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, झिप उघडली की चालू. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढायची पद्धत) विचारतो, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा.
- ब्लेंडर (वस्तू बनवायला) आणि ऑडॅसिटी (आवाज कापायला). दोन्ही फुकट.
- मोबाईल, आणि त्यात डब्ल्यूएव्ही फाइल देणारं रेकॉर्डर अॅप.
- कानावर पूर्ण बसणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो आणि पावलांचा मेळ बसत नाही.
- पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडवर रोजचा बॅकअप. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएस हवाच.

कागदपत्रं लगेच लागत नाहीत. ती शेवटच्या पायरीत सांगतो.

१. आधी योग्य गेम खेळा, आणि वही घेऊन खेळा

सगळं खेळत बसू नका. खालच्यातले तीन-चार पुरेत.

'युमे निक्की' (२००४) जपानमधल्या किकियामा या टोपणनावाच्या एकट्या माणसाने आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केला. तो फुकट आहे. त्यात मारामारी जवळपास नाही, गोष्ट सांगितलेलीच नाही. स्वप्नातल्या खोल्या आणि छोटी छोटी आवर्तनं करत राहणारं संगीत, बस. तेवढ्याने अस्वस्थता कशी साचते ते बघा.

'अॅनाटॉमी' (२०१६) किटी हॉररशो यांचा. एक घर, त्यात पडलेल्या कॅसेट, आणि घर म्हणजे शरीर आहे असं सांगणारा आवाज. गेम मध्येच आपोआप बंद होतो. पुन्हा उघडायचा, आणि प्रत्येक वेळी घर थोडं बिघडलेलं. एका घरात किती मावतं, हे नवख्या माणसाने इथे शिकावं.

'डार्कवूड' (२०१७) पोलंडच्या अॅसिड विझर्ड स्टुडिओचा. वरून दिसणारा गेम, तरीही छातीत धडधड. तुमच्या नजरेसमोरचा त्रिकोणी पट्टा तेवढा स्पष्ट दिसतो. रात्री घरात दारामागे कपाट सरकवून बसायचं आणि बाहेरचे आवाज ऐकायचे.

'आयर्न लंग' (२०२२) डेव्हिड शिमान्स्की यांचा. लहानशी पाणबुडी, बाहेर काहीच दिसत नाही. नकाशावरचे आकडे बघून चालवायची आणि थांबून फोटो काढायचा. फोटो उमटेपर्यंतचे जे क्षण जातात, तोच खरा गेम. दचकवणं फारच कमी.

आणि 'डिटेन्शन' (२०१७) तैवानच्या रेड कँडल गेम्सचा. १९६० च्या दशकातली शाळा, मार्शल लॉचा काळ, तिथल्याच देवळातल्या वस्तू, तिथलेच विधी. तो खेळताना आपल्याला त्यांचा इतिहास माहीत नसतो, तरी भीती पोचते. 'आपल्या गावाकडचं बाहेरच्यांना काय कळणार' असं वाटत असेल, तर हा गेम आधी खेळा.

भारतातल्या रेल स्टुडिओजच्या 'फिअर्स टू फॅदम' मालिकेचा पहिला भाग (२०२१) स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, फुकट आहे. त्यात काही ठिकाणी दचकवलंय, पण घरात एकटं असताना रोजची कामं करण्यातला ताण त्यात फार चांगला धरलाय.

खेळताना वहीत लिहायचं ते इतकंच: नेमकं कुठे पाऊल अडखळलं, आणि त्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय ऐकू आलं किंवा यायचं थांबलं. बाकी समीक्षा नको.

२. एक जागा, एक काम, एक बदल

नवख्यांचे बहुतेक गेम इथेच मरतात. पडका वाडा, त्यात वीस खोल्या, मागे स्मशान, शिवाय तळघर, तीन शेवट. सहा महिन्यांत दोन खोल्या होतात आणि फोल्डर पडून राहतं. पहिला गेम दहा ते पंधरा मिनिटांचा ठेवा.

एक जागा घ्या. तिथे रोज करायचं एक साधं काम घ्या. मग त्या कामात एकच गोष्ट बदला.

उदाहरण घेऊ. शेतीच्या पंपाला लाईट पाळीपाळीने मिळते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कुणाला तरी उठून बागेत जाऊन मोटार चालू करावी लागते. खान्देशात हे इतकं रोजचं आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. आता गेम असा: पहिली रात्र, घरून निघा, बॅटरी घ्या, बांधावरून चाला, केळीत शिरा, स्टार्टरपाशी जा, हिरवं बटण दाबा, परत या. दुसरी रात्र, तेच. तिसऱ्या रात्री तुम्ही अजून बांधावर आहात आणि मोटार चालू असल्याचा आवाज येतोय.

भूत नाही, रक्त नाही. पण आता बागेत जायचं की नाही, हा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. पहिल्या दोन रात्री कंटाळवाण्या वाटतील म्हणून कापू नका. नेहमीचं काय हे खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडल्याशिवाय वेगळं काय हे त्याला कळणार नाही. फक्त दुसरी रात्र पहिलीपेक्षा आखूड ठेवा.

अशा जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. हंगाम संपल्यावरची जिनिंग मिल, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं रिकामं क्वार्टर, मे महिन्यातली भर दुपार आणि चिटपाखरू नसलेली गल्ली. हो, दुपारसुद्धा. जळगावात पारा ४४-४५ वर गेला की रस्ते जसे सुनसान होतात, ते रात्रीइतकंच अंगावर येतं, आणि उजेडातला हॉरर फार कमी लोकांनी केलाय.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. डाकीण, भानामती, अंगात येणं हे विषय 'लोकल फ्लेवर' म्हणून उचलू नका. सातपुड्यात डाकीण ठरवून खऱ्याखुऱ्या बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलं गेलंय. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो उगाच नाही. एखाद्या म्हातारीला राक्षस करून मिळवलेली भीती मला मान्य नाही, आणि ती फार वेळ टिकतही नाही. तसंच, चालतं-बोलतं देवस्थान किंवा ओळखू येईल असं कुणाचं घर नावासकट वापरू नका.

३. चित्राआधी आवाज

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खाणारा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा. इंजिन उघडण्याआधी आवाज गोळा करा. नेटवरून 'हॉरर अॅम्बियन्स' नावाची फाइल उतरवली की तुमचा गेम बाकी हजार गेमसारखा ऐकू येतो.

रात्री एक-दोनच्या सुमाराला ओट्यावर किंवा गच्चीवर फोन एखाद्या घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा आणि दहा मिनिटं तिथून हलू नका. कूलर, पंखा, फ्रिज बंद. काय काय मिळेल बघा: रातकिड्यांचा सलग सूर, दूरच्या मालगाडीची धडधड (तापीच्या पट्ट्यात ती रात्री मैलोनमैल ऐकू येते), पिंगळ्याची कचकच, मध्येच ओरडत उडालेली टिटवी, कुठेतरी एकच कुत्रं. केळीच्या बागेचा आवाज वेगळाच असतो. वाऱ्याने फाटलेली पानं एकमेकांना घासली की कुणीतरी कागद चुरगाळत चाललंय असं वाटतं, आणि वारा पडला की हा आवाज एकदम थांबतो. ड्रिपच्या नळीतून हवा निघताना होणारी फुसफुस, स्टार्टरचा खट्, मोटारीचं घुमणं, पाइपात पाणी चढतानाचा खळखळाट, हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करा.

बागेत रेकॉर्डिंगला जाल तर मालकाला विचारून, त्यांच्यातल्या कुणाला सोबत घेऊन, पायात बूट आणि हातात बॅटरी असेल तरच. घोणस, मण्यार अंधारात दिसत नाहीत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याचा वावर असतो. स्टार्टरच्या पेटीला हात लावायचं काम शेतकऱ्यावर सोडा.

यात नेहमी घडणारे घोटाळे:

फोनचा साधा रेकॉर्डर बारीक आवाजाला 'गोंगाट' समजून पुसून टाकतो. रातकिडेच गेले तर उरलं काय? अॅपच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन बंद करता येतं का ते बघा. येत नसेल तर दुसरं अॅप घ्या.

व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून फाइल पाठवू नका, ती दाबली जाऊन बिघडू शकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन मारून आवाज 'स्वच्छ' करायचा मोह होतो. आवरा. रात्रीची ती बारीक सरसर हीच तुमची जमीन आहे.

आता रचना. आवाजाचे तीन थर करा. तळाला सतत चालणारे दोन लूप (संपले की पुन्हा पहिल्यापासून वाजणारे आवाज), पण लांबी वेगळी ठेवा, समजा ४७ सेकंद आणि ७१ सेकंद. दोन्ही पुन्हा एकाच वेळी सुरुवातीला यायला जवळजवळ तास लागतो, त्यामुळे तेच तेच वाजतंय हे कानाला कळत नाही. मधल्या थरात अधूनमधून येणारे आवाज: टिटवी, गाडी, कुत्रं. ते ठरावीक वेळाने वाजवू नका. टायमरला दर वेळी वेगळी वेळ द्या आणि गोडोतल्या ऑडिओस्ट्रीम-रँडमायझरने सूर थोडा वरखाली करा. तिसरा थर जवळचा: पावलं, श्वास, पान सरकणं. पावलांचे आवाज जमिनीप्रमाणे वेगळे हवेत. वाळलेलं पान, चिखल, आणि पाण्याच्या चाऱ्यांवर टाकलेला लोखंडी पत्रा.

लांब लूप ओजीजीमध्ये ठेवा, छोटे आवाज डब्ल्यूएव्हीत. घरात शिरल्यावर बाहेरचा आवाज दबला पाहिजे, त्यासाठी ऑडिओ बसवर (बाहेरचे सगळे आवाज ज्यातून जातात त्या मार्गावर) लो-पास फिल्टर लावा, तो वरच्या पट्टीचे आवाज कापतो.

आणि सगळ्यात मोठं हत्यार: थांबवणं. माणूस किंवा जनावर जवळ आलं की रातकिडे गप्प होतात. शेतात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. गेममध्ये खेळणारा उभा असताना, त्याने काहीही केलेलं नसताना, त्याच्या डावीकडचे तेवढे रातकिडे थांबवा. चारच सेकंद. मग पुन्हा सुरू करा. त्याने डावीकडे बॅटरी फिरवली आणि तिथे काहीच दिसलं नाही, तर तुमचं काम झालं. हे जमण्यासाठी रातकिडे एकाच फाइलमध्ये न ठेवता ऑडिओस्ट्रीमप्लेअर-थ्रीडीचे चार-पाच तुकडे करून बागेत वेगवेगळ्या जागी ठेवावे लागतात. त्याला एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

४. जागा बांधणं: कमी दाखवा, पण खरं दाखवा

जुन्या प्लेस्टेशनसारखा खडबडीत लूक सध्या इंडी हॉररमध्ये खूप दिसतो. त्याचं कारण नुसती जुन्याची ओढ नाही. ३२० बाय २४० पिक्सेलच्या चित्रात लांबचा आकार झाड आहे की माणूस, हे ठरत नाही आणि उरलेलं डोकं स्वतः भरतं. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं प्रसिद्ध धुकंही मुळात यंत्राला लांबचं चित्र काढता येत नव्हतं म्हणून आलं. तुमच्या जुन्या लॅपटॉपची मर्यादा अशीच कामी येते.

गोडोत प्रोजेक्ट सेटिंगमध्ये व्ह्यूपोर्ट (गेमच्या चित्राचा आकार) ३२० बाय १८० करा, स्ट्रेच मोड 'व्ह्यूपोर्ट' ठेवा, टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट'. टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चिकटवायचं चित्र, १२८ बाय १२८ च्या वर नेऊ नका. फोनने केळीच्या खोडाचा, शेणाने सारवलेल्या भिंतीचा, गंजलेल्या पत्र्याचा फोटो काढायचा आणि तोच बारीक करून वापरायचा. खऱ्या भिंतीचा फोटो लहान केला तरी खराच दिसतो.

केळीचं झाड करणं सोपं आहे. आठ बाजूंचा नळकांडा, वर सहा-सात सपाट पानं, कडा फाटक्या. आपल्याकडे लागवड साधारण दीड बाय दीड मीटरवर असते. त्याच मापाने मल्टिमेश (एकच वस्तू अनेकदा काढायची गोडोतली सोय) वापरून पाचशे झाडं लावा, जुना लॅपटॉपही झेपवतो. या सरळ रेषेतल्या लागवडीत एक मजा आहे. कुठेही उभं राहिलं तरी चारी बाजूंनी सारख्याच गल्ल्या दिसतात. चक्रव्यूह वेगळा बांधावा लागत नाही. खुणेसाठी एकच गोष्ट ठेवा, डीपीवरचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, मिणमिणता दिवा. तिसऱ्या रात्री तो विझवा.

अंधाराबद्दल: पूर्ण काळा पडदा भीतीदायक नसतो, त्रासदायक असतो. खेळणाऱ्याला अर्धवट दिसलं पाहिजे. धुक्याचा रंग आणि आकाशाचा रंग एकच ठेवा, नाहीतर लांबची झाडं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. स्वस्त स्क्रीनवर गडद भाग एकमेकांत मिसळून जातात, म्हणून ब्राइटनेसची पट्टी गेमच्या सुरुवातीलाच द्या.

प्रकाश कसा लावायचा हे शिकायला मी ब्लेंडरच्या व्हिडिओंआधी चाळीसगावला जायला सांगेन. कलामहर्षी केकी मूस आयुष्यातली कित्येक दशकं त्यांच्या तिथल्या घराबाहेर क्वचितच पडले, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश टाकून त्यांनी निसर्गदृश्यांचे फोटो घेतले. ते घर आता संग्रहालय आहे. टेबलाएवढ्या जागेत अख्खा प्रदेश कसा उभा राहतो, ते त्या फोटोंसमोर उभं राहून बघा. प्रकाश कुठून येतोय, सावली कुठे संपतेय, काय मुद्दाम अंधारात ठेवलंय. लहान गेमची कला हीच आहे.

५. घटनांचा क्रम लावणं

तंत्र साधं आहे. एरिया-थ्रीडीचा अदृश्य डबा ठेवायचा, खेळणारा त्यात शिरला की सिग्नल येतो आणि काहीतरी बदलतं. अवघड आहे ते 'काहीतरी' आवरतं ठेवणं.

कागदावर तीन रात्रींची तीन रकान्यांची यादी करा: काय दिसतं, काय ऐकू येतं, काय वेगळं आहे. वेगळ्याच्या रकान्यात एका रात्री दोनाहून जास्त नोंदी झाल्या तर खोडा. बदल शक्यतो खेळणाऱ्याच्या पाठीमागे घडवा. येताना बांधावर एक चप्पल होती, जाताना दोन्ही आहेत. विहिरीवरची बादली आता आत सोडलेली आहे. त्याच्या नजरेसमोर काही हललं की ते ॲनिमेशन होतं. नजर वळवल्यावर बदललं की शंका होते, आणि शंका घरापर्यंत सोबत येते.

चालण्याचा वेग खऱ्या माणसाचा ठेवा, सेकंदाला दीड मीटरच्या आसपास. पळायचं बटण देऊ नका. द्यायचंच असेल तर पळताना पानांचा इतका आवाज होऊ द्या की बाकी काही ऐकूच येणार नाही. मग पळणं हाच धोका वाटायला लागतो.

शेवट कसा करायचा हा प्रश्न सगळ्यांना छळतो. मोटार कुणी चालू केली ते दाखवायचं का? माझं मत स्पष्ट आहे, दाखवू नका. पण खेळणाऱ्याच्या हातात शेवटची कृती द्या. तो स्टार्टरपर्यंत पोचतो, लाल बटण दाबतो, मोटार बंद होते, पाणी थांबतं. आणि आता त्याला परत त्याच बागेतून घरी जायचंय.

६. बोली आणि अक्षरं

संवाद मोजकेच ठेवा, पण जागेच्या बोलीत. अंधारातून आलेलं 'कोन शे तठे?' हे 'कोण आहे तिकडे?' पेक्षा धुळ्याच्या पोराच्या अंगावर जास्त येतं. मात्र भूगोल सांभाळा. अहिराणी ही साक्री, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूची. तुमची केळीची बाग रावेर-यावलकडे असेल तर तिथल्या घरात लेवा गणबोली ऐकू येते. नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली, पावरी. एका गेममध्ये सगळं एकत्र केलं की इथला माणूस पहिल्या वाक्याला बाहेर पडतो. आवाज घरच्याच मोठ्या माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या. आजीने रोजच्या सुरात 'जेवून घे' म्हटलेलं पुरतं. तिला घाबरवणारा आवाज काढायला लावू नका.

देवनागरीसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्या, दोन्ही मोफत वापरता येतात. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट येतात, गोडो ३ मध्ये तुटतात, म्हणून जुन्या ट्युटोरियलच्या मागे जुनी आवृत्ती घेऊ नका. अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तर अजून एक अडचण येते. 'क्ष' उमटताना आधी पाय मोडलेला 'क्' दिसतो, मग अक्षर बदलतं. लेबलच्या 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हिअर'मध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडलं की हे उड्या मारणं थांबतं.

७. दुसऱ्यांना खेळायला द्या, आणि गप्प बसा

गेमर मित्र एक, आणि कधीच गेम न खेळलेला पण ती जागा ओळखणारा माणूस एक, असे दोन प्रकारचे खेळाडू हवेत. मागे बसा, बोलू नका, ओबीएस या सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्ड करा. 'भीती वाटली का?' असं विचारू नका, समोरचा तुमचं मन राखायला हो म्हणतो. 'इथे थांबलास तेव्हा काय होईल असं वाटलं?' हे विचारा. उत्तरं वेगवेगळी आली तर चांगलं लक्षण.

जागा ओळखणारा माणूस का हवा, ते मोटारीच्या उदाहरणावरून बघा. शेतकरी तिसऱ्या रात्रीचा आवाज ऐकून शांतपणे म्हणेल, 'ऑटो बसवलं असेल.' बरोबरच आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारी ऑटोची पेटी आता शेतोशेती असते. तुमची सगळी भीती त्या एका वाक्यात गेली. म्हणून पहिल्या रात्रीच स्टार्टरशेजारी जळालेलं ऑटो, सुट्या लोंबणाऱ्या वायरी आणि 'मोटार हाताने चालू कर' असं वडिलांचं वाक्य दाखवावं लागतं. पटणारं कारण सापडलं की माणूस निवांत होतो. ते कारण आधीच काढून घ्या.

८. प्रसिद्ध करणं आणि कागदपत्रं

पहिला गेम इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या संकेतस्थळावर फुकट टाका. खातं मोफत, परवानगी कुणाची लागत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती द्यायची असेल तर गोडो ४.३ किंवा पुढचं वापरा, त्याआधीच्या आवृत्त्यांत वेब एक्सपोर्टला थ्रेडची कटकट होते. 'हॉन्टेड पीएसवन' या मंडळींचे जॅम (ठरावीक मुदतीत गेम करायचे उपक्रम) आणि डेमो डिस्क (निवडक गेमच्या नमुन्यांचे संच) तिथेच सापडतात. जॅममध्ये भाग घेतला की निदान काही अनोळखी माणसं गेम खेळतात.

स्टीमवर जायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या गेमला. त्यासाठी:

- पॅन कार्ड, आणि ओळखीचा पुरावा (पासपोर्ट असला तर उत्तम).
- स्वतःच्या नावाचं बँक खातं, स्विफ्ट कोडसह (परदेशातून पैसे येण्यासाठीचा बँकेचा कोड). गावातल्या सहकारी किंवा ग्रामीण बँकेकडे तो बहुधा नसतो. जळगाव-धुळ्यातल्या मोठ्या शाखेत खातं असलेलं बरं.
- प्रत्येक गेममागे १०० डॉलर फी, परदेशी व्यवहार सुरू असलेल्या कार्डाने. गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ती परत मिळते.
- अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन कर फॉर्म, ऑनलाइनच. त्यात पॅन नंबर टाकून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागा. तो लागू झाला तर तिथल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. इथलं रिटर्न भरताना सीएला हे दाखवा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावात. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पासबुकावर नुसती आद्याक्षरं, असं असलं की पडताळणी परत येते. फी भरण्याआधी दोन्हीकडचं नाव सारखं करून घ्या. फी भरल्यापासून गेम विक्रीला येईपर्यंत ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' असं पान निदान दोन आठवडे दिसावं लागतं. दिवाळीत गेम काढायचा तर फी दसऱ्याच्या बरीच आधी भरायला हवी.

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. पंधरा मिनिटांचा गेम संपवूनही लोक पैसे परत मागू शकतात. म्हणूनही छोटा गेम फुकट किंवा अगदी कमी किमतीला ठेवलेला बरा.

पानावर तीन गोष्टी स्पष्ट लिहा: खेळायला किती वेळ लागतो, हेडफोन हवाच, आणि यात दचकवणारे क्षण नाहीत. तिसरी ओळ वाचूनच पुष्कळ लोक गेम उतरवतात. ते वाक्य लिहिलं असेल तर गेममध्ये एकही दचकवणारा क्षण ठेवू नका, गंमत म्हणूनही नाही.